बाबा घर आत्ताच दादाच्या नावावर करतायत – बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

कृष्णाकाठ
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण रविवारपर्यंत मला घरी उत्तर द्यायचंय.

बाबा ७९ वर्षांचे, आई ७३. दोघं सांगलीत गावभागात राहतात. दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं त्यांच्याजवळच असतात. मी पुण्यात. घर बाबांनी १९८८ साली नोकरीत असताना कर्ज काढून बांधलं. गावाकडे अडीच एकर शेत आहे, ते आजोबांकडून आलेलं. सातबारा बाबांच्या नावावर आहे.

गेल्या शनिवारी गेले तेव्हा बाबांनी कॉटखालची पत्र्याची पेटी बाहेर काढली. २०१९च्या महापुरात ती दोन दिवस पाण्यात होती. जागेच्या खरेदीखताच्या कडांना अजून गाळाचा तपकिरी पट्टा आहे आणि पानं एकमेकांना चिकटतात. एकेक पान नखाने सोडवत बाबा म्हणाले, "घर दादाच्या नावावर करून टाकतो. बक्षीसपत्राला मुद्रांक दोनशे रुपयेच लागतो म्हणे. शेताचं तू हक्कसोड करून दे. आमच्या माघारी तुम्हा दोघांत कटकट नको." दादा समोर मान खाली घालून बसला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात पावटे सोलत होती. तिला कुणी काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही.

मला घर नकोय, हे मनापासून सांगते. त्या महापुरात आई-बाबांना बोटीत बसवून बाहेर काढलं ते दादानेच, मी पुण्यात बसून फोन लावत होते. पण त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही. बाबांनी आत्ताच बक्षीसपत्र करावं की मृत्युपत्र? आणि हक्कसोडावर मी सही करू का?

सह्यगिरी
ताई, बक्षीसपत्र नको. मृत्युपत्र करा. सविस्तर रात्री लिहितो.

पायवाट
वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

ओटीवरचा_दिवा
दोनशे रुपये मुद्रांक हे बरोबर आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क दोनशेच. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. भावाला द्यायचं असेल तर ही सवलत नाही, तिथे बरेच जण फसतात.

पण स्वस्त आहे म्हणून करावं असं नाही. बक्षीसपत्र नोंदवलं आणि समोरच्याने स्वीकारलं की घर त्याच दिवशी त्याचं. उद्या बाबांचं मन बदललं तर दस्त परत घेता येत नाही. त्यासाठी कोर्टात जाऊन फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते. मृत्युपत्र मात्र बाबा हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतात, शेवटचं असेल ते खरं.

घरचा_थोरला
इथे सगळे लगेच "नको" म्हणतायत. दुसरी बाजूही ऐका.

मी इस्लामपूरजवळ गावात राहतो. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी छत्तीसचा होतो, ते गेले तेव्हा पन्नाशीचा. ही चौदा वर्षं रात्री दोन वेळा उठून त्यांची कूस मी बदलली. माझ्या बायकोने त्यांचं सगळं केलं, तोंडातून एक शब्द काढला नाही. बहिणी दिवाळीला आणि जत्रेला यायच्या. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना त्यांचे संसार. पण तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी दोघी म्हणाल्या, "दादा, वाटण्यांचं कसं करायचं?" त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

वडिलांनी हयातीत काही लिहून ठेवलं असतं तर बहिणींशी बोलणं तुटलं नसतं. या ताईंच्या बाबांना तेच टाळायचंय. करणाऱ्याला जास्त मिळावं यात वाईट काय आहे?

अबोली
@घरचा_थोरला, वाईट काहीच नाही. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पण जास्त मिळावं हे मृत्युपत्रातही लिहिता येतं की. प्रश्न फक्त 'आत्ता की नंतर' एवढाच आहे.

मावळतीचं_ऊन
आमच्या काकूची गोष्ट सांगते. काका गेल्यावर फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर होता. मुलगा म्हणाला, बक्षीसपत्र कर, मला त्यावर कर्ज काढता येईल. तिने केलं. वर्षभरात तिची कॉट हॉलमधून गॅलरीत गेली. गॅलरीला काचा लावल्या होत्या, पण पावसाळ्यात गादीला ओल यायची. मी भेटायला गेले की ती आधी दार लोटून घ्यायची आणि मग बोलायची.

शेवटी २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज केला. तिथे निर्वाह न्यायाधिकरण असतं. वकील लागत नाही, खरं तर त्या कायद्यात वकिलाला मज्जावच आहे. कलम २३ असं की म्हाताऱ्या माणसाने सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि समोरच्याने सांभाळलं नाही, तर तो दस्त रद्द करता येतो. पहिल्याच तारखेला विचारलं, "दस्तात अट कुठे आहे?" दस्तात लिहिलं होतं 'प्रेमापोटी व मायेपोटी'. बस्स, एवढंच. दरमहा पाच हजारांचा आदेश मिळाला, घर मात्र मिळालं नाही.

सह्यगिरी
रात्री लिहितो म्हणालो होतो, आत्ता वेळ मिळाला. मी दिवाणी बाजूची वकिली करतो, पण इथे जे लिहितो तो सल्ला समजू नका. कागद बघितल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

मावळतीचं_ऊन यांनी लिहिलंय तो अटीचा मुद्दा महत्त्वाचा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सांभाळण्याची अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं मूल सांभाळत नाही एवढ्यावर कलम २३ लागू होत नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलाला दिलेलं दानपत्र रद्द केलं. हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तो तसाच वाचला पाहिजे, असं सांगितलं. पण त्या आईकडे मुलाने वेगळं लिहून दिलेलं वचनपत्र होतं. कागद होता, म्हणून ती तरली.

तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल तर दोन गोष्टी त्यात शब्दांत हव्यात. आई आणि बाबा दोघांनाही तहहयात त्या घरात राहायचा हक्क, आणि त्यांचा सांभाळ, औषधपाणी मुलाने करायची अट. असं बक्षीसपत्र चालतं, त्याला कायद्याची आडकाठी नाही.

आता धाग्यात कुणी न विचारलेला प्रश्न: आईचं काय? बाबा काही न लिहिता गेले तर आई, दादा आणि तुम्ही तिघं सारखे वारस, प्रत्येकी एक तृतीयांश. बक्षीसपत्राने मात्र आईच्या नावावर शून्य राहतं. तुम्हाला झोप लागत नाही ती घराच्या वाट्यासाठी नाही, तर आईच्या छपरासाठी, असं मला तुमची पोस्ट वाचून वाटलं. चुकत असेन तर सांगा.

कृष्णाकाठ
सह्यगिरी, नाही चुकत. मला ते शब्दांत मांडता येत नव्हतं.

डोंबिवली_फास्ट_लोकल
एवढं सगळं कशाला? सोसायटीत नॉमिनेशन करून टाका, घर आपोआप नॉमिनीचं होतं.

ओटीवरचा_दिवा
नाही हो, नाही! हा गैरसमज घरोघरी आहे. नॉमिनी म्हणजे ताबेदार, मालक नव्हे. सोसायटी त्याचं नाव लावते ते तात्पुरतं, वारस ठरेपर्यंत. विम्याच्या बाबतीत हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितलं आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५ पासून एक अपवाद आहे. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. बँकेत तर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. चार लावले तरी ते मृत्युपत्र होत नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल
धन्यवाद. वडिलांना गेल्या आठवड्यात ठामपणे उलटं सांगितलंय, आज रात्री जेवताना दुरुस्त करतो.

अबोली
थोडं अवांतर, पण बायकांनी वाचावं म्हणून लिहिते.

माझी मावशी शिक्षिका होती. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली, मूलबाळ नाही. पस्तीस वर्षं नोकरी करून स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला. शेवटची आठ वर्षं माझ्या आईने तिला सांभाळलं. मृत्युपत्र नव्हतं. ती म्हणायची, "माझं आहेच काय लिहून ठेवायला?" ती गेल्यावर तो फ्लॅट कुणाला गेला? तिच्या नवऱ्याच्या पुतण्यांना, ज्यांना तिने लग्नानंतर कधी पाहिलंही नव्हतं.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ तसंच आहे. हिंदू बाईला नवरा आणि मुलंबाळं नसतील तर तिच्या स्वकमाईवर आधी नवऱ्याचे वारस, नंतर तिचे आईवडील. माहेरहून वारशाने आलेलं असेल तेवढंच माहेरी जातं. सासरच्यांनी हाकलून दिलेल्या एका विधवेच्या मिळकतीबाबतही २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं आणि सासरच्यांना दिली. एका कागदावर दोन साक्षीदारांसमोर चार ओळी लिहिल्या असत्या तर माझ्या आईला कोर्टात उभं राहावं लागलं नसतं. मला याचा अजून संताप येतो.

पायवाट
अबोली, हे माहीतच नव्हतं. माझी बहीण अविवाहित आहे, तिलाही हेच लागू होतं का?

अबोली
अविवाहित असेल तर नवऱ्याचा प्रश्नच नाही, आईवडिलांकडे जातं. पण त्यांच्यानंतर कुणाकडे जावं हे तिलाच ठरवू दे. लिहून ठेवायला सांग.

मांडवीतीर
गोव्यातून लिहितोय. तुमच्याकडचं वाचून आश्चर्य वाटतं की बाप सगळं घर एका मुलाला देऊ शकतो. आमच्याकडे धर्म कुठलाही असो, १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा सगळ्यांना सारखा, आता तो २०१२च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची निम्मी-निम्मी. आणि आपल्या वाट्यातलाही अर्धाच माणूस मर्जीप्रमाणे देऊ शकतो. उरलेला अर्धा मुलांचा राखीव, त्याला लेजितिमा म्हणतात. एका मुलाला हयातीत काही दिलं असेल तर ते इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मिळकत वाटायच्या वेळी हिशोबात धरलं जातं. आईला न विचारता घर देणं आमच्याकडे होतच नाही, तिची सही लागते.

भांडणं मात्र आमच्याकडेही होतात. एकेका घराच्या इन्व्हेंटरीत वीस-वीस वारस निघतात.

घरचा_थोरला
गोव्याचं हे आवडलं. निदान आईची सही तरी लागते.

निवृत्त_सर्कल
महसूल खात्यात तलाठी ते मंडळ अधिकारी अशी तेहतीस वर्षं काढली. घराचं वकील साहेबांनी सांगितलंच. मी शेताचं बोलतो.

ताई, हक्कसोड करण्याआधी मला दोन गोष्टी सांगा. आजोबा कोणत्या साली वारले? आणि जमीन त्यांच्याकडे कशी आली? वडिलोपार्जित म्हणजे वडिलांकडून आलेली, असं सगळे धरून चालतात, कायद्यात तसं नाही. बाबांच्या नावाचा सातबारा आहे म्हणता, त्यावर बाबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं काही आहे का? 'इतर हक्क' या रकान्यात कुणाची नावं आहेत का? सातबारा डोळ्यांसमोर धरून बघा.

कृष्णाकाठ
काका, दादाकडून फोटो मागवला. आजोबा १९७१ मध्ये गेले. ते कूळ होते, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसायचे, ती कुळकायद्यात त्यांच्या नावावर झाली. बाबांच्या नावापुढे ए.कु.मॅ. आहे. आणि इतर हक्कात 'बहिणी' म्हणून दोन नावं आहेत. माझ्या दोन्ही आत्या!

निवृत्त_सर्कल
मला हीच शंका होती.

१ एप्रिल १९५७ ला कृषक दिन धरून कुळं मालक झाली. आजोबा त्यात मालक झाले आणि १९७१ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे आजी, तुमचे बाबा आणि दोन्ही आत्या सारखे वारस. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सगळ्यांच्या वतीने कारभार बघणारा, एकटा मालक नव्हे. त्या काळी आम्हीच बहिणींची नावं इतर हक्कात घालायचो, सगळीकडे तीच पद्धत होती. त्याने त्यांचा हक्क जात नाही. आजीच्या माघारी तिचा वाटाही तिघांत गेला. म्हणजे माझ्या हिशोबाने अडीच एकरात तुमच्या बाबांचा वाटा एक तृतीयांश.

दुसरं, सातबारावर कलम ४३ चा शेरा आहे का बघा. कुळकायद्याची जमीन तशीच हस्तांतरित करता येत नाही. कुळाच्या खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून मोकळी होते. अडीच एकराचा आकार असतो थोडकाच, पण न भरता दस्त केला तर फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, अडकतो.

सह्यगिरी
काकांना अनुमोदन, एक पुस्ती जोडतो. जमीन आजोबांची स्वतःची धरली तर बाबांकडे आलेला वाटा त्यांचा वैयक्तिक. मग बाबा हयात असताना त्यात ताईंना जन्माने हक्क नाही, आणि जो हक्क अजून आलेलाच नाही तो सोडताही येत नाही. आज ते हक्कसोडपत्र नुसता कागद ठरेल.

पण कुळवहिवाट पणजोबांपासून असेल तर ती एकत्र कुटुंबाची होती असा वाद होऊ शकतो. मग मुलगी म्हणून ताईंना जन्मापासून वाटा आहे. २००५च्या दुरुस्तीने तो दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही हे ऑगस्ट २०२० च्या निकालाने सांगितलं. तुमचे बाबा तर हयातच आहेत. दोन्हीपैकी कुठलं ते जुने फेरफार काढल्यावर कळेल. तोवर सही नको, आणि नोटरीसमोर तर मुळीच नको. हक्कसोड नोंदणीकृतच लागतं.

मावळतीचं_ऊन
म्हणजे लेकीकडून हक्कसोड मागणाऱ्या बाबांनी आधी आपल्या बहिणींना विचारायला हवं!

पैलतीर_न्यूजर्सी
आत्यांपैकी कुणी परदेशात असेल तर आधीच सांगून ठेवतो. तिथून केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. आमची ती मुदत चुकली आणि सगळं पुन्हा करावं लागलं, वकिलातीत परत रांग.

शांत_संध्याकाळ
आमच्याकडे २०२१ मध्ये धाकटा भाऊ कोविडने गेला. वय एकेचाळीस, कागद एकही नाही. वहिनीला फ्लॅट विकून माहेरजवळ जायचं होतं. तेव्हा कळलं की मुलगा गेला तर त्याची आईही बायकोमुलांच्या बरोबरीने वारस असते, वडील मात्र त्या पहिल्या वर्गात नाहीत. आईने तिचा तिसरा हिस्सा वहिनीच्या नावे सोडला. दुय्यम निबंधकांकडे अंगठा लावताना तिचा हात इतका थरथरत होता की तो यंत्रावर तीन वेळा उमटला नाही. पुतण्या नऊ वर्षांचा. त्याच्या हिश्शासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागली, आईच नैसर्गिक पालक असली तरी. त्यात सात महिने गेले.

कागद फक्त म्हाताऱ्यांनी करायचे असतात असं नाही, म्हणून लिहिलं.

आकाशचा_बाबा
माझा मुलगा स्वमग्न आहे, आता बावीसचा. अठरा पूर्ण झाल्यावर आम्ही आपोआप त्याचे पालक राहिलो नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागलं. मृत्युपत्रात आम्ही त्याच्या नावावर थेट काही ठेवलेलं नाही. त्याच्यासाठी न्यास केलाय आणि आमच्यानंतर त्याचं कोण बघणार ते नावानिशी लिहिलंय. ते नाव त्याच्या बहिणीचं. आम्ही विचारायच्या आधी तिनेच सांगितलं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी मला जरूर विचारा, मी कागदांचे नमुने दाखवतो.

पायवाट
आकाशचा_बाबा, तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवतोय.

ओटीवरचा_दिवा
मृत्युपत्राचंही लिहून ठेवतो. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांनी बाबांना सही करताना बघायचं आणि स्वतः सही करायची. साक्षीदार बाबांपेक्षा वयाने लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. वय ७९ आहे, त्यामुळे त्याच दिवशीचं डॉक्टरांचं 'शुद्धीवर व समजून' असं पत्र जोडा. माझ्या आजोबांनी चार मृत्युपत्रं केली, दर दिवाळीला ज्या मुलाने फटाके आणले नाहीत त्याचं नाव खाली जायचं. पाचवं मात्र नीट केलं, सगळ्यांना सारखं, आणि घर आजीला.

कृष्णाकाठ
रविवारी जाऊन आले. सगळ्यांना सांगायला हवं म्हणून लगेच लिहितेय.

मी बाबांना आधी आत्यांचं सांगितलं. ते बराच वेळ सातबाराच्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अक्कीला एकाहत्तरपासून एकदाही विचारलं नाही मी. ती काही बोलली नाही म्हणून." अक्की म्हणजे मोठी आत्या.

मग मी आईला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुला काय हवंय. ती म्हणाली, "मला काही नको. माझ्या नावाची खोली असू दे फक्त. आणि मागच्या दारची मोगऱ्याची जागा कुणी सिमेंट घालून बुजवू नका." दादा उठून बाहेर गेला, परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तोच म्हणाला, "बाबा, बक्षीसपत्र राहू दे. तुम्ही हवं ते लिहून ठेवा, आईचं आधी लिहा."

घराचं मृत्युपत्र करायचं ठरलं. आईला तहहयात राहायचा हक्क, तिच्यानंतर घर दादाचं. मला आईच्या पाटल्या, मी दुसरं काही मागितलं नाही. शेताचं आत्यांशी बोलल्याशिवाय काही करायचं नाही. घरचा_थोरला, तुमची पोस्ट दादाला वाचून दाखवली. तो म्हणाला, या माणसाला माझा नमस्कार सांग.

घरचा_थोरला
पोचला. बहिणींना आज फोन करतो, बघू उचलतात का.

निवृत्त_सर्कल
ताई, आत्यांना भेटायला जाण्याआधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५७ नंतरचे आणि १९७१ च्या वारसाचे फेरफार नकलेसह काढून घ्या. नक्कल स्पष्ट येते का तिथेच बघा, जुनी पानं पुसट असतात. आणि बाबांना बरोबर न्या. अक्कीआत्यांना हे त्यांनीच सांगायला हवं.